चपट्या डोक्याचं मूळ बहुतेकदा मानेत सापडतं

गंगाखेडहून एका ताईंनी विचारलंय. पहिलं बाळंतपण, मुलगी अडीच महिन्यांची, दिवस भरायच्या तीन आठवडे आधी झालेली. डोकं मागून उजव्या बाजूला चपटं झालंय आणि उजवा कान जरा पुढं सरकल्यासारखा दिसतो. आईनं मोहरीची उशी शिवून दिली, महिना झाला, फरक नाही. पुण्याच्या नणंदेनं हेल्मेट सुचवलंय. घरात सगळ्यांना एकच घोर लागलाय, मेंदूला काही होणार नाही ना? आणि शेवटी, जाता जाता लिहिलेली एक ओळ : ‘ती सारखी उजवीकडंच बघते, आणि मी उजव्या बाजूला पाजायला घेतलं की चिडते.’

ताई, मी परभणीत लहान मुलांचा डॉक्टर म्हणून वीस वर्षांहून जास्त काळ काम करतोय. तुम्ही लिहिलेल्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ही शेवटची ओळ. डोकं चपटं झालंय ते सगळ्यांना दिसतं. लेकरू एकाच बाजूला का बघतं, हे मात्र घरात कुणी विचारत नाही, आणि बऱ्याचदा दवाखान्यातही विचारलं जात नाही.

आधी मेंदूची भीती काढून टाकू. जन्मलेल्या बाळाची कवटी म्हणजे एकसंध मडकं नसतं. ती हाडांच्या वेगवेगळ्या पाट्यांची असते, पाट्यांमध्ये शिवणी असतात आणि वर आपण तेल भरतो ती टाळू. मेंदू वाढतो आणि पाट्यांना बाहेर ढकलतो. जन्माला डोक्याचा घेर ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो, वर्षाच्या वाढदिवसाला ४५-४६. यातली निम्मी वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होते, महिन्याला साधारण दोन सेंटिमीटर. एवढ्या वेगानं वाढणारं मऊ डोकं तासन्‌तास एकाच ठिकाणी टेकलं, तर तिथं वाढायला जागा मिळत नाही आणि वाढ दुसरीकडून होते. ओला भोपळा वेलीवर एका अंगाला दगडाला टेकून वाढला की त्या अंगाला बसका होतो, तसंच. आतला मेंदू दाबला जात नाही. त्याचं आकारमान तेवढंच राहतं, घेर वाढतच राहतो. म्हणून मी दर भेटीत टेप लावून घेर लिहून ठेवतो. तुमच्या लसीच्या कार्डावर तो लिहिला नसेल, तर पुढच्या वेळी आठवणीनं लिहून घ्या.

असं चपटं होणं आता बरंच दिसतं. न्यूझीलंडमध्ये जन्मापासून दोन वर्षं बाळांना तपासत राहून केलेला एक अभ्यास आहे. दीड महिन्याला १६ टक्के, चार महिन्यांना जवळपास २० टक्के आणि दोन वर्षांना जेमतेम ३ टक्के बाळांत चपटेपणा सापडला. म्हणजे चार महिन्यांपर्यंत वाढतं आणि मग बहुतेकांचं कमी होतं. तुमची मुलगी अडीच महिन्यांची आहे, तेव्हा आत्ता हात घातला तर सगळ्यात जास्त उपयोग होणारा काळ तुमच्या हातात आहे. ‘वाढेल तसं होईल नीट’ म्हणत सहा महिने थांबणं मला पटत नाही. बहुतेकांचं नीट होतं हे खरं आहे, पण ज्यांची मान धरलेली, म्हणजे एका बाजूला आखडलेली आहे, त्यांचं आपोआप होत नाही.

आता मान. कानामागून छातीच्या हाडापर्यंत, मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक तिरका स्नायू असतो. पोटात एकाच अवस्थेत राहून किंवा जन्मताना ताण पडून त्यातला एक आखडतो. डावा आखडला की डोकं डाव्या खांद्याकडं कलतं आणि हनुवटी उजवीकडं वळते. मग झोपताना, बघताना, पिताना लेकरू उजवीकडंच राहतं आणि डोक्याचा मागचा उजवा भाग टेकून टेकून बसका होतो. डॉक्टर याला टॉर्टिकोलिस म्हणतात. कधी दोन-चार आठवड्यांच्या बाळाच्या त्या स्नायूत बोराएवढी कडक गाठ लागते, कधी काहीच लागत नाही. आणि तुमची पाजण्याची तक्रार इथंच जुळते : मांडीवर आडवं घेऊन उजव्या बाजूला पाजताना बाळाला तोंड डावीकडं वळवावं लागतं. ते दुखतं किंवा जमत नाही, म्हणून ती चिडते. दूध कमी आहे, ‘त्या बाजूचं दूध गोड लागत नाही’, असं काही तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढून टाका.

घरी असं बघा. बाळ पोट भरून, जागं, खुशीत असताना अंथरुणावर उताणं ठेवा. एकानं खांदे हलक्या हातानं धरायचे म्हणजे अंग वळणार नाही. दुसऱ्यानं खुळखुळा तिच्या चेहऱ्यासमोरून हळूहळू एका बाजूला न्यायचा. हनुवटी खांद्याच्या रेषेपर्यंत जाते का? मग दुसऱ्या बाजूला. उजवीकडं सहज जाते आणि डावीकडं अर्ध्यातच अडकते, डोळे पुढं जातात पण मान मागं राहते, असं दिसलं तर मान धरलेली आहे असं समजून या आठवड्यातच तपासायला न्या. हातानं जोर लावून मान फिरवून बघू नका.

हे मी एवढं का सांगतोय? खूप वर्षांपूर्वी पूर्णा तालुक्यातली एक आई चार महिन्यांचं लेकरू घेऊन आली होती. ‘मान तिकडं जात नाही सायेब,’ असं ती म्हणाली होती. ओपीडीत गर्दी होती. मी डोक्यावरून हात फिरवला, टाळू बघितली, ठीक होईल म्हणालो. ते लेकरू दहाव्या महिन्यात परत आलं तेव्हा मान कललेली होती आणि चेहऱ्याची एक बाजू बारीक दिसत होती. व्यायामानं पुष्कळ सुधारलं, पण चौथ्या महिन्यात सुरू केलं असतं तर जे दोन महिन्यांत झालं असतं, त्याला वर्ष लागलं. तेव्हापासून दीड महिन्याच्या लसीला आलेल्या प्रत्येक बाळाची मान मी दोन्हीकडं वळवून बघतो. आईनं काही म्हटलं नाही तरी.

मान धरलेली असेल तर ताण देण्याचे व्यायाम असतात. ते लेखात वाचून करायचे नाहीत, म्हणून मी ते इथं लिहीत नाही. लहान मुलांचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टनं तुमच्या हातावर हात ठेवून एकदा शिकवायचे, आणि मग तुम्ही घरी दिवसातून चार-पाच वेळा, लंगोट बदलताना करायचे. यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली, म्हणजे २०१३ साली सुरू झालेल्या योजनेखाली, ते चालतं आणि तिथं पैसे लागत नाहीत. आशाताई किंवा अंगणवाडी ताईंना सांगितलं तर त्या चिठ्ठी कशी मिळवायची ते सांगतील.

आता उशी. तुमच्या आईनं प्रेमानं शिवली आहे, हे मला ठाऊक आहे. आमच्याकडं बाळंतविड्यात झबलं-टोपडं असतं तशी मोहरीची उशी असतेच. कुणाच्याही आजीला मी ‘तुमचं चुकलं’ म्हणत नाही. पण तिच्यामुळं डोकं गोल होतं याला आधार नाही, आणि धोके आहेत. उशीतल्या खळग्यात डोकं रुतलं की बाळाला ते स्वतः वळवता येत नाही, म्हणजे जे हवं आहे नेमकं तेच थांबतं. मान पुढं ढकलली जाऊन हनुवटी छातीला टेकते, आणि एवढ्या लहान बाळाची श्वासनळी मऊ असते. झोपेत तोंड कुशीला वळलं की नाक कापडात. शिवण उसवली की मोहरी तोंडात, नाकात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात ४२ अंशांत ती उशी कशी तापते ते हात लावून बघा. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं नोव्हेंबर २०२२ मध्ये डोक्याला आकार देणाऱ्या सगळ्याच उशा वापरू नका असा इशारा दिला. बाजारात मिळणारी मधे भोक असलेली फोमची उशीही त्यातच आली. पहिलं वर्ष बाळाला उशी नकोच. घट्ट, सपाट गोधडी पुरे. आईंना म्हणावं, उशी टाकू नका, नात दोन वर्षांची झाली की तिच्या बाहुलीला द्या.

उलट टोकाची चूकही बघतो. ‘मागून चपटं होतंय ना, मग पालथं झोपवू.’ झोपेत पालथं अजिबात नाही. पाश्चात्त्य देशांत पूर्वी बाळांना पालथं झोपवायची पद्धत होती. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९२ साली पालथं झोपवू नका असं सांगितलं, १९९४ पासून उताणं झोपवण्याची मोठी मोहीम झाली, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. त्याच सुमारास तिकडं चपटी डोकी वाढली. पण त्या दोन गोष्टी तराजूत घातल्या तर कुणालाही कळेल पारडं कुठं झुकतं. दोन्ही बाजूंना लोड लावून कुशीवर ठेवणंही नको. बाळ घसरून पालथं होतं आणि लोड तोंडावर येतो.

तर झोप उताणी, आणि जागेपणी जितकं जमेल तितकं डोकं टेकलेलं नसावं. सगळा उपाय या एका वाक्यात आहे. बाकी तुमच्या घरात हे कसं बसवायचं तेवढंच.

तुमच्या खोलीत अंथरूण भिंतीला लागून असेल आणि दार उजवीकडं असेल, असं मी धरतो. बहुतेक घरांत असंच असतं. लेकरू उजेडाकडं, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडं, आईच्या आवाजाकडं बघतं. भिंतीत बघण्यासारखं काय आहे? म्हणून आजपासून तिचं उसं आणि पायथा बदला. डोकं होतं तिथं पाय. आता दार तिच्या डावीकडं आलं. तुम्ही जिथं झोपता ती बाजूही बघा, कारण रात्रभर ती तुमच्याकडं तोंड करते. पाळण्यावर चिमण्या टांगल्या असतील तर त्या डोक्याच्या बरोबर वर न ठेवता डाव्या बाजूला सरकवा. ती गाढ झोपली की डोकं हळूच डावीकडं वळवून ठेवा. परत फिरलं तर फिरू द्या, पुन्हा वळवा. पण दर वेळी डोकं स्प्रिंगसारखं उजवीकडं जात असेल, तर वर सांगितलेली मानेची तपासणी टाळू नका.

उजव्या बाजूला पाजणं सोडू नका, तोच तर तिचा व्यायाम आहे. भूक कडक लागलेली असताना आधी उजवी बाजू द्या, तेव्हा ती कमी कुरकुरते. फारच चिडली तर त्या बाजूला बगलेखाली धरून पाजा, दूध कमी व्हायला नको, आणि दोन दिवसांनी पुन्हा मांडीवर घेऊन बघा.

पालथं घालण्याबद्दल लोक म्हणतात, ‘हे नवीन काय काढलंय?’ यात नवीन काही नाही. न्हाऊ घालणारी मावशी पाटावर पाय लांब करून बसते, लेकराला नडग्यांवर पालथं घालते आणि पाठीला तेल लावते. लेकरू रडत-कुंथत मान उचलतं. आपल्याकडच्या आज्या पिढ्यान्‌पिढ्या हे करत आलेल्या आहेत. फरक एवढाच, की सव्वा महिन्यानंतर मावशी यायची थांबते, आंघोळ घाईत उरकते आणि पालथं घालणंही थांबतं. ते थांबवू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की रांगायला न लागलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून किमान अर्धा तास पालथं ठेवावं. एका दमात नाही. तीन-तीन, पाच-पाच मिनिटं, अंगावर पाजल्यावर तासाभरानं, सकाळच्या गारव्यात. सतरंजीवर आवडत नसेल तर तुम्ही तक्क्याला रेलून बसा आणि तिला छातीवर पालथी घ्या. तिला तुमचा चेहरा बघायला मान उचलावीच लागेल. कोणीतरी जवळ पाहिजे, आणि डोळा लागला की लगेच उताणी.

त्याच मावशीला एक गोष्ट मात्र नम्रपणे आणि ठाम सांगा. डोकं दोन्ही तळव्यांत धरून ‘गोल करायला’ दाबायचं नाही. तेल जिरवा, बोटांनी हलकं चोळा, हरकत नाही. दाबून हाड आकार घेत नाही. लेकरू कळवळतं, आणि मान धरलेली असेल तर इजा होते.

झोळीबद्दल विचारलं नाहीत, पण गंगाखेडकडं घरोघर झोळी असते म्हणून लिहितो. आढ्याला लुगडं बांधून दहा मिनिटं झोके देणं वेगळं आणि सकाळपासून दुपारपर्यंत लेकरू झोळीत असणं वेगळं. झोळीत अंग कमानीसारखं वाकतं, हनुवटी छातीवर येते, डोकं एका अंगाला कापडात दाबलं जातं आणि मान वळवायला जागाच नसते. तिथं झोप लागली की काढून सपाट अंथरुणावर ठेवा. मला माहीत आहे की हे सगळ्यांना शक्य नसतं. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गेलेली कुटुंबं मार्च-एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा सहा-सात महिन्यांची लेकरं दाखवायला आणतात. मागून डोकं पाटीसारखं सपाट झालेलं असतं, कारण आई फडात आणि लेकरू कोपीजवळच्या झोळीत, सांभाळायला सात वर्षांची बहीण. त्या आईला मी चुकूनही बोल लावत नाही. तिला एवढंच सांगतो, की पाजायला याल तेव्हा पाच मिनिटं पोटावर घ्या आणि संध्याकाळी खांद्यावर उभं धरा. बहिणीला सांगतो, भावाला घोंगडीवर पालथं घालून त्याच्यासमोर तू बस, गाणं म्हण. ती पोर हे मन लावून करते, हा माझा अनुभव आहे.

हेल्मेट. नेदरलँड्समध्ये पाच-सहा महिन्यांच्या ८४ बाळांचे दोन गट केले. एकाला सहा महिने हेल्मेट, दुसऱ्याला काहीच नाही. दोन वर्षांच्या वयाला डोकं पूर्ण नीट झालेली बाळं हेल्मेटच्या गटात २६ टक्के आणि दुसऱ्यात २३ टक्के निघाली. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मान धरलेली किंवा फार आधी जन्मलेली बाळं नव्हती, म्हणून अतिशय तीव्र चपटेपणात हेल्मेटला जागा नाही असं मी म्हणणार नाही. पण ते दिवसाला २३ तास घालावं लागतं, मोठ्या शहरात परत परत जावं लागतं, आणि आपल्या उन्हाळ्यात त्याखाली घामोळ्या-फोड येतात. अडीच महिन्यांच्या मुलीसाठी तो विषय आत्ता नाहीच. पाच महिन्यांपर्यंत मनापासून बाजू बदलून, मान मोकळी करूनही डोक्याच्या दोन तिरप्या मापांत (कपाळाच्या एका बाजूपासून मागच्या विरुद्ध बाजूपर्यंत) सेंटिमीटरहून जास्त फरक राहिला, तर तेव्हा बोलू.

मी घाई कधी करतो तेही सांगतो. दोन-अडीच हजार बाळांत एखाद्याची कवटीची शिवण वेळेआधी जुळून येते. क्रेनिओसिनोस्टोसिस म्हणतात त्याला. तिथं बाजू बदलून काही होत नाही, शस्त्रक्रिया लागते आणि ती पहिल्या वर्षातच करायची असते. फरक वरून बघितल्यावर कळतो. टेकून चपटं झालेल्या डोक्यात चपट्या बाजूचा कान आणि कपाळ पुढं सरकतात, डोकं ढकललेल्या चौकटीसारखं तिरपं दिसतं. तुम्ही कान पुढं आलाय म्हणालात, ते त्यामुळं मला दिलासा देणारं वाटलं. कान मागं आणि खाली ओढलेला असेल, शिवणीवर बोट फिरवलं की कडक वरंबा लागत असेल, डोकं होडीसारखं लांबुळकं असेल, जन्मापासूनच आकार वेगळा असेल, घेर वाढायचा थांबला असेल किंवा टाळू फुगलेली असेल, तर वाट न बघता न्यूरोसर्जन असलेल्या मोठ्या रुग्णालयात दाखवायचं. आणि चार महिन्यांना बाळ स्वतःची मान सावरत नाही, अंग सैल किंवा फार ताठ वाटतं, तर प्रश्न डोक्याच्या आकाराचा नाही, वाढीचा आहे. चपट्या डोक्याच्या काही बाळांत हालचालींचा विकास मागं असतो. डोक्यामुळं तो मागं पडतो असं नाही, कमी हलणारं बाळ जास्त पडून राहतं म्हणून दोन्ही एकत्र दिसतं.

व्हिटॅमिन डीचे थेंब चालू आहेत ना? रोज ४०० युनिट, वर्षभर. सव्वा महिना अंधाऱ्या खोलीत काढलेल्या बाळंतिणींच्या लेकरांत मला कवटी बोटानं दाबली तर पिंगपाँगच्या चेंडूसारखी आत जाणारी सापडते. असं मऊ हाड लवकर बसकं होतं.

सुधारणा कशी दिसेल : पहिले दोन-तीन आठवडे काहीच बदललं नाही असं वाटेल, फक्त वाढायचं थांबेल. मग ती डावीकडं बघू लागेल. आकार त्याच्या मागून, महिन्या-महिन्यानं येतो. ती बसायला लागली की डोक्यावरचा भार जवळजवळ संपतो, तरी दोन वर्षांपर्यंत गोलाई येत राहते. अगदी मोजून गोल कुणाचंच नसतं. थोडं राहिलं तर केसांत दिसत नाही. ‘मुलगी आहे, उद्या लग्नात’ असं कुणी म्हणालं तर तो घोर आत्तापासून त्या लेकरावर लादू नका.

एक करा. आमच्याकडं बरेच आईबाप जावळ काढल्यावर धावत येतात, कारण तेव्हा टक्कल करून डोकं पहिल्यांदा नीट दिसतं, आणि तोवर चांगले महिने गेलेले असतात. तुम्ही आंघोळीनंतर, केस ओले असतानाच तिला मांडीवर बसवा, आईंना मान धरायला सांगा, आणि बरोबर टाळूच्या वरून मोबाईलनं फोटो काढा. नाक फोटोत वरच्या बाजूला आणि दोन्ही कान दिसले पाहिजेत. दर पंधरा दिवसांनी, त्याच जागी. साडेतीन महिन्यांच्या लसीला ते सगळे फोटो आणि घेर लिहिलेलं कार्ड घेऊन या.